डोकी जमवणारे काका

खोली बघायला गेले तेव्हा काकांनी भाडं सांगितलं नाही, नियम सांगितले नाहीत, चपला कुठे काढायच्या तेसुद्धा सांगितलं नाही. जाळीचं दार अर्धवट उघडून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "डोकं कधी आपटलंय का?"

"कुणाचं?" मी म्हटलं.

"तुझं गं. लहानपणी जिन्यावरून पडलीस, टाके घातले, फिट आली, असलं काही?"

"नाही."

"आईवडिलांकडे कुणाच्या हातापायाला मुंग्या येतात? एका डोळ्याने अंधुक दिसतं? चालताना झोक जातो?"

"नाही हो. आमच्याकडे फक्त ॲसिडिटी आहे."

"वय?"

"बावीस."

त्यांनी मागे वळून हाक मारली, "अगं, मिळाली! इराच्या जोडीची मिळाली!"

दुसरी कुणी असती तर तिथूनच स्टेशनकडे पळत सुटली असती. पण तेव्हा सिडनीत आम्हा विद्यार्थ्यांचा नुसता पूर आला होता. पेंडल हिलला ट्रेनमधून उतरलं की निम्मी माणसं आपलीच, पाठीवर सॅक आणि हातात कुणाचा तरी नंबर घेऊन खोली शोधत हिंडणारी. मी पुण्याहून अकाउंटिंगचं मास्टर्स करायला आलेली आणि एका घराच्या हॉलमध्ये पडदा लावून त्यामागे झोपणारी. पडद्याच्या पलीकडे चार मुलं क्रिकेट बघायची. त्यामुळे स्वतंत्र खोली आणि तिला दार, एवढं ऐकूनच मी विरघळले होते. माणूस डोक्याबद्दल विचारतोय तर विचारू दे, पगडी तर मागत नाही ना!

खरा उलगडा काकूंनी केला, चहा गाळता गाळता. काकूंचं बोलणं असं की कुणाच्या घरी पाणी गेलंय नि कुणाच्या घरी मूल झालंय, सगळं एकाच सुरात.

"यांच्या बहिणीला एमएस आहे. मल्टिपल स्क्लेरोसिस. मेंदूतल्या नसांवरचं आवरण झिजत जातं, मग निरोप पोचत नाहीत. पाय उचल म्हणावं तर पाय ऐकत नाही. यांच्या आईलाही तेच होतं असं यांचं म्हणणं. इथल्या एका युनिवाल्यांचं, म्हणजे विद्यापीठवाल्यांचं, संशोधन चाललंय, ज्या घरात एकाहून जास्त जणांना आहे त्या घरातली धडधाकट माणसंही ते मशिनात घालून बघतात. वरून काही दिसत नाही, पण आत कधीकधी डाग सापडतात म्हणे. आणि ताडून बघायला त्याच वयाचं परकं डोकं लागतं."

"ते परकं डोकं म्हणजे मी?"

"हो. साखर किती?"

तर अशी मी त्या घरात राहायला लागले, इरा नावाच्या त्यांच्या मुलीच्या जोडीचं डोकं म्हणून. काकांनी आयुष्यात हीच एक गोष्ट मन लावून जमवली. लोक नाणी जमवतात, तिकिटं जमवतात, हे डोकी जमवत होते.

बाकी बघायला गेलं तर माणूस साधा. पॅरामॅटाला सरकारी खात्यात ट्रॅफिक सिग्नलचे इंजिनियर. बुटके, काटकुळे, ऑफिसला जाताना इस्त्रीचा शर्ट आणि घरी आले की त्याच शर्टाखाली हाफ पँट. खिशात कायम एक पेनाएवढा टॉर्च. कुणी जरा डोळा चोळला की टॉर्च बाहेर. "इकडे बघ. आता नाकाकडे बघ. बघून घेतलेलं बरं." हे त्यांचं पालुपद. दूध नासलंय का, गाडीचं दार लागलंय का, तुझी बुबुळं सारखी आहेत का, सगळ्याला एकच वाक्य. एकदा किराणा दुकानात बिल करणाऱ्या मुलीच्या डोळ्यात त्यांनी टॉर्च मारला. त्या दुकानात पुढे काकूच जायच्या.

रविवारी सकाळी हजेरी असायची. स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात त्यांनी जमिनीवर काळी चिकटपट्टी मारलेली होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत. टाचेला अंगठा लावत त्या पट्टीवरून चालत जायचं, पलीकडे पोचलात की पोह्यांची डिश. झोक गेला तर परत पहिल्यापासून. काकू हातात झारा घेऊन उभ्या, पोहे गार होतायत, आणि काका उकिडवे बसून आमच्या टाचा बघतायत. मी एकदा म्हटलं, "काका, मी तर परकं डोकं आहे, मला कशाला?" तर म्हणाले, "परकं डोकं चांगलं राहिलं पाहिजे ना. तुलाच काही झालं तर मी ताडून काय बघू?"

शेजारी बॅरी राहायचा. पन्नाशी उलटलेला प्लंबर, बायको सोडून गेलेली, दाराशी सदैव एक आळशी कुत्रा. काकांच्या वयाचं आणि बिननात्याचं, म्हणजे काकांच्या जोडीचं डोकं म्हणून त्यांनी बॅरीवर बऱ्याच दिवसांपासून डोळा ठेवला होता. एका शनिवारी आर्व्होला, म्हणजे इथल्या भाषेत दुपारी, बॅरी शिडी परत द्यायला आला, तर काकांनी त्याला पट्टीवर उभं केलं. बॅरी चार पावलं चालला आणि धाडकन चपलांच्या रॅकवर जाऊन पडला. काकांचा चेहरा पांढराफटक! सोमवारी सुट्टी घेऊन ते स्वतः त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने तपासलं आणि सांगितलं, बिअर कमी करा. पण बॅरीच्या मनावर असा परिणाम झाला की, आपल्यासाठी कुणीतरी सुट्टी काढली म्हणून, तो त्या दिवसापासून काकांचा भक्त झाला. बिअर मात्र गुरुवारी पुन्हा सुरू झाली.

दोघांचं भांडण व्हायचं ते फक्त उन्हावरून. काकांनी कुठेतरी वाचलं होतं की विषुववृत्तापासून जितकं लांब जावं तितका हा आजार जास्त, ऊन कमी पडतं म्हणून. झालं! तेव्हापासून सकाळी मागच्या अंगणात चादरी पसरून आम्हा सगळ्यांना उन्हात बसवायचे. इराने हेडफोन लावलेले, मी ऑडिटिंगचं पुस्तक घेऊन, काकू मटार सोलत. अगदी कुरडयांचं वाळवण घातल्यासारखे आम्ही ओळीने पडलेलो. बॅरी कुंपणावरून बघायचा आणि त्याच्या जिवाचं पाणी व्हायचं. त्याच्या नाकावरचा एक तुकडा उन्हाने झालेल्या कॅन्सरपायी कापलेला. तो टोप्या आणि क्रीमचा भला मोठा डबा घेऊन धावत यायचा. "मेट, यू'ल किल देम!" काका म्हणायचे, "आय ॲम सेव्हिंग देम!" शेवटी काकांनी ऑफिसातून रेफ्रीची शिट्टी आणली. काकांनी शिट्टी वाजवली की टोप्या काढायच्या, बॅरीने हात वर केला की घालायच्या. मागच्या गल्लीतून जाणारी माणसं थांबून बघत उभी राहायची.

अक्षांशांचं तर विचारूच नका. कुठल्याही गावाचं नाव घेतलं की काका त्याचा आकडा सांगायचे. पेंडल हिल तेहतीस. मेलबर्न सदतीस. त्यांची बहीण कॅनबेराला गुंगालिनमध्ये राहायची, तिला आम्ही सगळे आत्याच म्हणायचो. कॅनबेरा पस्तीस. त्यामुळे आत्याच्या यजमानांवर, म्हणजे भाऊजींवर, काकांचा कायमचा दात. "सरकारी नोकरीसाठी माझ्या बहिणीला दोन अंश खाली नेलं या माणसाने." दर फोनवर पहिला प्रश्न, "भाऊजी, थंडी किती आहे तिकडे?" हा प्रश्न नसून आरोप आहे हे भाऊजींनाही कळायचं. एकदा ते वैतागून ओरडले, स्पीकरवर सगळ्यांना ऐकू आलं, "अरे तुझी बहीण पुण्यातच अडखळायला लागली होती! अठरा अंशावर!"

"पुण्यात फक्त चप्पल निसटायची तिची," काका म्हणाले आणि फोन काकूंकडे देऊन बागेत निघून गेले.

दिवाणखान्यात टीव्हीच्या बाजूला मोठं सरकतं काचेचं दार होतं. त्या दाराला काकांनी आत्याच्या मेंदूच्या फिल्म चिकटवलेल्या होत्या, उजेड मागून येतो म्हणून. पडदे काढून टाकलेले. दिवाळीच्या फराळाला आलेल्या पाहुण्यांना चकलीची ताटली हातात दिली की काका त्यांना दाराशी न्यायचे. "हे ताईचं आधीचं, हे नंतरचं. हे पांढरे ठिपके बघा. हे इथे नव्हते. हा नवीन." पाहुण्यांना चकली तोंडात घालावी की नको कळायचं नाही. एका छोट्या मुलीने "वॉलनट!" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि तिच्या आईने तिला ओढत बाहेर नेलं. ते कुटुंब पुन्हा कधी फिरकलं नाही.

त्या दारावर एक काच मोकळी होती. मी नवीन असताना विचारलं, ही का रिकामी? काका म्हणाले, "ती आईची." मग आपणहून बोलले. आईच्या हातून पातेलं निसटायचं, चालता चालता ती भिंत धरायची. कुणी म्हणालं वात आहे, कुणी म्हणालं कामं टाळायला नाटकं करते. कुणी तिचं डोकं उघडून बघितलं नाही आणि तेव्हा बघायची सोयही नव्हती. "मीसुद्धा म्हटलंय तिला. लक्ष्मी रोडवर. आई, नीट चाल ना, लोक बघतायत." हे सांगताना ते काच पुसत होते. काच स्वच्छच होती. मला फार वाईट वाटलं त्या दिवशी, आणि त्यानंतर मी पट्टीवरून निमूट चालायला लागले.

आता इराबद्दल सांगते, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं. इरा इथेच वाढलेली, मराठी सगळं कळायचं पण उत्तरं इंग्लिशमध्ये. युनिला समुद्राचा अभ्यास करत होती. बापावर जीव, आणि बापाच्या वेडाचा तितकाच संताप. मशिनात जायला ती मुळीच तयार नव्हती. "आय डोन्ट वॉन्ट टु नो, बाबा. सापडलं तर व्हॉट विल यू डू? आणखी एक फिल्म लावशील?" दोन वर्षं काका तिच्या मागे लागलेले आणि दोन वर्षं तिचा नकार. बॅरी तयार, मी तयार, काकू तयार (काकू रक्ताच्या नात्यातल्या नाहीत म्हणून त्या आत्याच्या जोडीचं डोकं), आत्या तर केव्हाचीच तयार. फक्त जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तीच नाही.

आणि मग इराला नोकरी लागली. होबार्टला.

"बेचाळीस!" काका किंचाळले. जेवणाच्या टेबलावर वरण सांडलं. "बेचाळीस अंश! त्याच्या खाली तर पेंग्विन राहतात! माझ्या जिवंतपणी तू तिथे जाणार नाहीस."

"समुद्र तिथेच आहे, बाबा!"

"इथे बॉन्डायला काय आहे मग? दही?"

आठवडाभर घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. मग इरानेच तोडगा काढला. बापाचीच मुलगी ती. म्हणाली, "ओके. मी तुझा तो स्कॅन करून घेते. जर काही निघालं, आय स्टे. आयुष्यभर मागच्या अंगणात उन्हात बसते. पण क्लिअर आला तर मी होबार्टला जाणार आणि तू पुन्हा अक्षांश हा शब्द काढायचा नाही. डील?"

काकांनी हात पुढे केला, पण त्या दिवसापासून त्यांचं जेवणच कमी झालं. डाग निघाला तर पोरगी आजारी, नाही निघाला तर पोरगी बेचाळीसवर. मी कधी कुणाला असं दोन्हीकडून अडकलेलं बघितलं नव्हतं. रविवारी पट्टीवर आता ते स्वतःच चालायचे, पुन्हा पुन्हा, पोहे तसेच ठेवून.

स्कॅनच्या दिवशी काकांनी मोठी गाडी भाड्याने आणली. आदल्या दिवशीच भाऊजी आत्याला घेऊन आले होते. आत्या व्हीलचेअरवर, ठसठशीत कुंकू, आणि तोंड असं चालू की आजारपणाचा विषय काढायला कुणाला फटच मिळू नये. बॅरी ठेवणीतला शर्ट घालून पुढच्या सीटवर, मांडीवर थालीपिठांचा डबा. वाटेत त्याने तो निम्मा संपवला. लग्नाला निघालेलं वऱ्हाड आणि आम्ही, यांत फरक एवढाच की नवरदेव नव्हता.

तोही लवकरच झाला. स्कॅन सेंटरमधल्या बाईंनी सांगितलं, अंगावर धातू नको. आत्याने मंगळसूत्र चष्मा काढावा तसं काढून भाऊजींच्या खिशात टाकलं. तिचं हे कितव्यांदा तरी. पण काकूंनी गळ्यावर हात ठेवला.

"मी नाही काढणार."

"अगं, मशिनात चुंबक आहे!" काका म्हणाले.

"असू दे. लग्न झाल्यापासून गळा रिकामा ठेवलेला नाही मी. बाळंतपणातसुद्धा नाही."

"सोनं आहे ते, लोखंड नाही, पण नियम म्हणजे नियम—"

"मग तुमचं मशीन तुम्हाला लखलाभ."

बाईंना काही समजेना. त्या नम्रपणे हसत उभ्या. एक डोकं गळलं की जोडी तुटणार होती. पण काकांनी जणू हे होणार हे ओळखलेलंच होतं. त्यांनी खिशातून पुडी काढली. आत हळदीत भिजवलेला दोरा आणि एक हळकुंड, पेंडल हिलच्या दुकानातलं. मंगळसूत्र मोडायला टाकलं, दुरुस्तीला दिलं, की आपल्याकडे तेवढ्यापुरतं गळ्यात हळकुंड बांधतात ना, तेच.

"घे. बघून घेतलेलं बरं म्हणून आणलं होतं."

काकू नरमल्या, पण पुरत्या नाही. "मी कशी बांधू? तुम्हीच बांधायला हवं."

आणि मग त्या वेटिंग रूममध्ये, पाण्याच्या यंत्राच्या बाजूला, काकांनी हाफ पँट सावरत काकूंच्या गळ्यात हळकुंड बांधलं. आत्या व्हीलचेअरवरून खड्या आवाजात "सावधान!" म्हणाली. थालीपिठाचे तुकडे अक्षता म्हणून कुणी टाकले ते मी सांगणार नाही. बॅरीला वाटलं खरंच लग्न लागतंय. तो उठून टाळ्या वाजवायला लागला, त्याचं बघून समोर पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेले एक आजोबाही वाजवायला लागले. बाईंनी डोळे पुसले. "काँग्रॅच्युलेशन्स," त्या म्हणाल्या. काकू लाजल्या. इरा डोक्याला हात लावून बसली होती, पण हसत होती. बऱ्याच दिवसांनी.

एकेक जण आत जाऊन आलं. मीही गेले. मिक्सरमध्ये सुकं खोबरं फिरवावं तसला खडखडाट, आणि आपण मधोमध. आत पडल्या पडल्या मला पहिल्यांदाच भीती वाटली. खेळ खेळ म्हणून आलेय, पण माझ्यातच काही निघालं तर आईला काय सांगू? तेव्हा कळलं, इरा दोन वर्षं कशाला नाही म्हणत होती. ती बाहेर आली तेव्हा तिचे हात बर्फासारखे गार होते. मी ते धरून बसले.

शेवटचा नंबर काकांचा. आणि काका म्हणाले, "मला जमणार नाही. माझ्या पोटात चार आणे आहेत."

काकूंनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"तिसरीत असताना गिळले होते. बाहेर आलेच नाहीत. धातू आहे. चुंबक ओढून घेईल."

"इतक्या वर्षांत मला कधी बोलला नाहीत!" काकू म्हणाल्या.

"तू कधी विचारलंस?"

"अरे गाढवा," आत्या म्हणाली, "ते चार आणे मी गिळले होते! आणि दुसऱ्या दिवशी मिळालेही होते, आईने धुऊन देवाच्या डबीत ठेवले होते!"

"तुझे वेगळे, माझे वेगळे."

पण पोटात धातू आहे म्हटल्यावर तिथल्या लोकांना तपासणं भागच होतं. काकांची एक्स-रेसाठी रवानगी झाली. कुणीतरी सोबत हवं म्हणून मी गेले, कारण बाकीचे हसून हसून उठायच्या अवस्थेत नव्हते. बोळातल्या बाकावर नंबर येईपर्यंत आम्ही बसलो. काकांनी टॉर्च काढला, लावला, विझवला.

"काका, पोटात काही नाहीये ना?"

"नाही."

"मग?"

"मी मधला आहे गं," ते म्हणाले. "आईला होतं. ताईला आहे. ते ताईवर थांबलंय की माझ्यातून पुढे गेलंय, हे कुणालाच माहीत नाही. माझं डोकं बघितलं नाही तोवर थांबलंय असं म्हणता येतं." मग म्हणाले, "हे शास्त्रात बसत नाही, मला माहितीये. इंजिनियर आहे मी."

दोन वर्षं सगळ्या जगाला बघून घ्या, बघून घ्या म्हणणारा हा माणूस! मला हसू पण येईना आणि रागावताही येईना. त्यांचा गुडघा एकसारखा हलत होता. मी त्यावर हात ठेवला, तर म्हणाले, "हे नुसतं घाबरल्यामुळे. लक्षण नाही."

एक्स-रेवाला पोरगा बाहेर आला. "नो कॉइन, मेट."

"विरघळलं असेल," काका म्हणाले आणि उठले. मशिनात जाताना त्यांनी इराकडे बघितलं नाही. इराच उठून गेली, आणि त्यांच्या पायांतले मोजे नीट वर ओढून आली. आत थंडी असते म्हणाली.

निकाल फोनवर कळणार होता, तोही काही आठवड्यांनी. तेवढ्या दिवसांत काकांनी फोन कुणाला उचलू दिला नाही. पहिल्या रिंगला झडप. एकदा इंटरनेट विकणाऱ्या मुलाचा फोन आला तर हे म्हणाले, "प्लीज टेल मी स्ट्रेट. इज इट माय डॉटर?" त्या पोराने म्हणे सॉरी म्हणून फोन ठेवला आणि आमच्या नंबरवर पुन्हा कधी फोन केला नाही.

शेवटी एका दुपारी खराच फोन आला. काकांनी स्पीकर लावला आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले. पलीकडच्या बाई एकेक करून सांगत गेल्या. इराच्या स्कॅनमध्ये काळजी करण्यासारखं काही नाही. माझ्या डोक्यात काही विशेष नाही. (आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, ते मला आधीच माहीत होतं.) बॅरी ठीक, काकू ठीक. आणि सर, तुम्हाला मात्र आमच्या डॉक्टरांना प्रत्यक्ष भेटायचंय.

काका म्हणाले, "इराचं पुन्हा एकदा सांगता का?"

बाईंनी पुन्हा सांगितलं.

डॉक्टरांकडे काका आणि काकू दोघेच गेले. इरा येते म्हणाली, तर नको म्हणाले. आम्ही दोघी घरात बसून राहिलो. इरा भांडी घासत होती, जी मी आधीच घासून ठेवली होती. होबार्टला होकार कळवायची मुदत जवळ आली होती आणि तिने कळवलं नव्हतं. "मी नाही जात," ती मला म्हणाली. "आय कान्ट. नॉट नाऊ."

संध्याकाळी बाहेर गाडी थांबली, पण काका घरात येईनात. बघते तर कुंपणापाशी. हातात पेढ्यांचा मोठा पुडा, आणि समोर बॅरी.

"व्हॉट'स द ऑकेजन?" बॅरी विचारत होता.

"आय हॅव स्पॉट्स! इन द ब्रेन!" काकांचा चेहरा नुसता फुललेला. "सेम प्लेस लाइक माय सिस्टर! डॉक्टर सेज मे नेव्हर डू एनीथिंग, मे डू, नोबडी नोज. बट इरा, नथिंग! नॉट वन!"

बॅरीने पेढा तोंडात टाकला. "गुड ऑन या, मेट," तो म्हणाला, आणि मग त्याने कुंपणावरून वाकून काकांना मिठी मारली.

काकांनी समोरच्या घरात पेढे दिले, पलीकडच्या चिनी आजींना दिले, पत्र टाकून परत चाललेल्या पोस्टमनला बोलावून दिले. सगळ्यांना तेच वाक्य. लोक अभिनंदन करत होते. काकू गेटपाशी उभ्या होत्या, डोळे सुजलेले, पण त्यांनी एकदाही त्यांना थांबवलं नाही.

मग ते घरात आले. इरा स्वयंपाकघराच्या दारात.

"बाबा, तू वेडा आहेस का? यू'आर हँडिंग आउट स्वीट्स फॉर धिस?"

"मग? आनंदाची बातमी आहे."

"इट डझन्ट वर्क लाइक दॅट!" ती ओरडली, आणि पुढे ती चक्क मराठीत बोलायला लागली, तुटक तुटक, रडत. "तुझ्यात आलं म्हणून माझ्यात नाही येणार, असं नसतं. एकच होतं आणि ते तू घेतलंस, असं नसतं, बाबा. आज नाही निघालं. पण दहा वर्षांनी मलाही—"

वाक्य पुरं व्हायच्या आत काकांनी तिच्या तोंडात अख्खा पेढा घातला.

तिला बोलता येईना. थुंकताही येईना. गाल फुगवून, डोळ्यांतून घळाघळा पाणी काढत ती बापाकडे बघत उभी राहिली आणि शेवटी चावायला लागली. काका तिच्यासमोर तसेच उभे, तिचा घास संपेपर्यंत. मग रुमालाने तिची हनुवटी पुसली, पुड्यातले उरलेले पेढे बघितले, आणि काकूंना म्हणाले, "मोठा डबा काढ गं. होबार्टला हे मिळायचे नाहीत."